बोलते करणारा वैद्य

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने ज्यांची झोप उडाली, हातपाय कापू लागले, अशा लष्करी अंमलदारांना ‘झाले गेले विसरा’ असाच सल्ला मिळत असताना, एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात १९१७ साली डॉ. रिव्हर्स यांनी, भीषण स्मृती दडपण्याऐवजी वैद्यापुढे उच्चारून त्या सुसह्य करण्याचा मार्ग अवलंबिला. निलगिरीच्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या या मानववंशशास्त्रज्ञाला ऐकण्याची विद्या अवगत असावी, यात नवल ते काय! आज ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत आघातग्रस्ताला साधारणतः ८ ते १२ बैठकांत, त्याच्या कलाने, तो प्रसंग पुन्हा कथन करावयास साहाय्य मिळते. रिव्हर्सांचे बरे झालेले रुग्ण मात्र पुष्कळदा पुन्हा आघाडीवरच रवाना होत.