आई, चूक तुझ्या डब्याची नव्हती

मी पाच वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला. ‘पोरीला काय खाऊ घातलंस गं?’ असं आईला कितीतरी जणांनी विचारलं. उत्तर माझ्या रिपोर्टमध्येच होतं: ईटीव्ही६-रनएक्स१.

रनएक्स१ हे जनुक रक्तपेशी घडवणाऱ्या दुसऱ्या जनुकांची बटणं चालू-बंद करतं. १२ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली, की ते ईटीव्ही६ला चिकटतं. मग जी बटणं चालू हवीत, त्यातली बरीच बंद पडतात आणि पेशी अर्धवट वाढीतच अडकते. हे बहुतेकदा जन्माआधीच, आपोआप घडतं. तेवढ्यानं आजार होत नाही. पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात.

या प्रकारातली बहुतेक मुलं योग्य उपचारांनी बरी होतात. मीही झाले. आई, ऐकतेयस ना?