भाषाशिक्षकाचे मन
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यांत बहुधा मुलांच्या प्रगतीविषयी बोलले जाते. अभ्यास कसा घ्यावा, मोबाईल किती वेळ हाती द्यावा, या विषयांवर तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. आज मी थोड्या निराळ्या विषयाला हात घालणार आहे. तुमच्या मुलांना भाषा शिकविणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेले असते आणि त्याचा मुलांच्या शिक्षणाशी काय संबंध असतो, हा तो विषय होय. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवितो. त्यामुळे हे भाषण थोडेसे कबुलीजबाबासारखे होईल, त्याबद्दल क्षमा असावी.

गणिताच्या शिक्षकाजवळ सूत्र असते, विज्ञानाच्या शिक्षकाजवळ प्रयोगाचे साहित्य असते. भाषेच्या शिक्षकाचे साहित्य म्हणजे त्याची स्वतःची वाणी. गणितात चूक झाली तर उदाहरण चुकले असे म्हणतात. बोलण्यात चूक झाली की माणूसच कच्चा ठरतो. त्यातून शिकवायची भाषा घरातली नसेल तर ही धास्ती दुप्पट होते. मराठी आपल्याला परकी नाही. घरी आपण ‘यहींच’, ‘अबीच’ म्हणतो, त्यातला ‘च’ मराठीनेच आपल्या दखनीला दिलेला आहे. तरीही घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी, हे नाकारता येत नाही.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या इलेन हॉर्विट्झ यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८६ साली, दुसरी भाषा शिकताना विद्यार्थ्याला वर्गात वाटणाऱ्या भीतीचा विचार मांडला. ही भीती मोजण्यासाठी त्यांनी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. पुढे १९९६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. ही भीती केवळ विद्यार्थ्यांना नसते. स्वतःची मातृभाषा नसलेली भाषा शिकविणाऱ्या शिक्षकांनाही ती असते, आणि तिचा परिणाम त्यांच्या शिकविण्यावर होतो. हे वाचले तेव्हा मला माझाच एक तास आठवला.

नोकरीचे दुसरे वर्ष होते. नववीच्या वर्गात बोलता बोलता मी म्हणालो, “ती दुकान बंद होती.” उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. मराठी शाळेतून त्याच वर्षी आमच्याकडे आलेला एक मुलगा उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, “सर, ते दुकान.” वर्गात हशा पिकला. माझे कान तापले. मी म्हणालो, “मास्तर तू की मी? खाली बस.” मुलगा खाली बसला. त्याचे म्हणणे बरोबर होते आणि ते मला त्याच क्षणी कळले होते.

त्यानंतर त्या मुलाने हात वर करणे सोडले. इतर मुलांनीही हळूहळू सोडले. मीही वर्गात मोकळेपणी बोलणे टाळू लागलो. धडा वाचायचा, मार्गदर्शकातली उत्तरे फळ्यावर लिहायची, मुलांनी ती उतरवून घ्यायची. चूक होण्याचा प्रश्नच उरला नाही. पण मराठीही उरली नाही. एका शिक्षकाच्या भीतीने साठ मुलांची वाचा बंद केली, असे मी आज म्हणेन.

भीतीबरोबर थकवाही असतो. माझ्याकडे तेव्हा चार तुकड्या होत्या, म्हणजे जवळजवळ २४० निबंधवह्या. निबंध ओळ न् ओळ वाचावा लागतो, नुसते उत्तर पाहून खूण करता येत नाही. हे काम रात्री घरी चालते. शिवाय कविता शिकविताना चेहरा आणि आवाज कवितेचा ठेवावा लागतो, मग घरी कोणी आजारी असो वा महिन्याचा हिशेब जुळत नसो. मन एकीकडे आणि मुद्रा दुसरीकडे ठेवण्याच्या या कष्टाला अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ साली भावनिक श्रम असे नाव दिले. त्यांनी अभ्यास केला तो मुख्यतः विमानातील सेविकांचा. पण शिक्षकालाही तो अंगरखा नेमका बसतो.

असा ताण वर्षानुवर्षे साचला की काय होते? क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली त्याची तीन लक्षणे मोजण्याची पद्धत दिली. मन थकून रिते होणे, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही ती तीन लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही अवस्था आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून आपल्या वर्गीकरणात नोंदविली. तेव्हा एखादा शिक्षक कोरडा वागताना दिसला तर तो मुळातच तसा आहे असे लगेच समजू नये. कदाचित तो एके काळी फार ओलावा असलेला शिक्षक असेल.

आता उपायाकडे वळतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली सांगितले, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः काम करून मिळालेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे, विश्वासू माणसाचा धीराचा शब्द, आणि शरीर-मनाची स्वस्थता. माझ्या बाबतीत तिसरी वाट प्रथम उघडली. आमच्या शाळेतील एक वयस्क बाई माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. नंतर म्हणाल्या, “भाऊ, तुमची मराठी वाईट नाही, तुमची भीती वाईट आहे. चूक झाली तर ती फळ्यावर लिहा, मुले विसरणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजची चूक’ असा चौकोन आखला आणि पहिली चूक माझीच लिहिली: ती दुकान नव्हे, ते दुकान. त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. तो खाली मान घालून बसला. त्याचा हात पुन्हा वर यायला दिवाळीची सुट्टी उलटावी लागली. मोडलेला धीर एका दिवसात परत येत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

पालकहो, येथे तुमचा संबंध येतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे. कचेरीतला अर्ज असो की नोकरीची मुलाखत, मुलांना ती पदोपदी लागणार आहे. तरी शाळेत आल्यावर तुम्ही गणित-विज्ञानाची चौकशी करता आणि मराठीचे काय, असे विचारल्यावर “होईल पास” म्हणता. ज्या कामाची कोणी विचारपूस करीत नाही, ते करणाऱ्याचे मन लवकर मरते. म्हणून महिन्यातून एकदा मुलाची निबंधवही उघडून पाहा. वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. शिक्षकाच्या उच्चाराची मुलांसमोर नक्कल करू नका. तक्रार असेल तर शाळेत या आणि आम्हांला सांगा. आणि मुलगा घरी तोडकेमोडके मराठी बोलला तर हसू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आमची चूक दिसली तर अदबीने जरूर सांगा. आम्ही रागावलो तरी सांगा. संस्थेला माझी नम्र विनंती आहे, की आठवड्यातून एक तास सर्व भाषाशिक्षकांना एकत्र बसू द्यावे, म्हणजे एकमेकांचे पाहून शिकता येईल. आणि शिक्षक बंधूंनो, थकवा खरा असला तरी तो मुलांवर काढण्याचा परवाना नव्हे, हे मी स्वतःलाही बजावतो.

उर्दूत ‘हम’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत: ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मुलांना हा फरक शिकविताना मला नेहमी वाटते, की आम्ही शिकवितो आणि तुम्ही निकाल पाहता, असे फार दिवस चालले. यापुढे आपण मिळून शिकवू या.