पेशींच्या आकड्यापलीकडे

पावसाळा सरत आला आणि वर्ध्याकडे डेंग्यूचे नाव निघाले, की पहिला प्रश्न येतो, "पेशी (प्लेटलेट) किती?" वर्षाच्या आतल्या बाळाबाबत एवढ्यावरच थांबणे धोक्याचे आहे. डेंग्यूत बाळ दगावते ते बहुतेक वेळा केवळ पेशी घटल्याने नव्हे, तर केशवाहिन्यांतून रक्तातले पाणी झिरपल्याने. हे झिरपणे वाढते तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हा. म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमके त्याच वेळी.

पाणी गेले की रक्त घट्ट होते. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर ते हिमॅटोक्रिटमध्ये, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणात, दिसते. पण बाळाचा मूळ आकडाच कमी असतो. ३० चा ३६ झाला, तरी मोठ्यांच्या मापाने तो कमीच वाटतो. प्रत्यक्षात ती २० टक्क्यांची वाढ असते. म्हणून पहिल्या दिवसाचा कागद जपून ठेवावा आणि दुसरा त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. निदानाचेही तसेच. एनएस-१ ही विषाणूच्या प्रथिनाची तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम ही प्रतिपिंडांची त्यानंतर. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही असे नव्हे. आयजीजी हे प्रतिपिंड तर आईकडून आलेले असू शकते. आईची ही प्रतिपिंडे आधी बाळाला राखतात, पण सहाव्या महिन्याच्या आसपास ती विरळ झाली की विषाणूला शरीराच्या पेशींत शिरायला मदतच करू शकतात. त्यामुळे बाळाचा पहिलाच डेंग्यूही गंभीर होऊ शकतो.

कोणी म्हणेल, पेशी झपाट्याने घसरणे हीही धोक्याची खूण आहेच ना? आहे; पण हिमॅटोक्रिट वाढत असताना. आणि कोणी विचारेल, एवढ्याशा जिवाला उगाच भरती कशाला? जागतिक आरोग्य संघटनेचे २००९ चे मार्गदर्शन तान्ह्या बाळांना, धोक्याची खूण नसली तरी, रुग्णालयातच ठेवावे असे सांगते. पोट दुखते हे बाळ सांगू शकत नाही, आणि त्याला सलाईन जास्त झाले तरी अपाय होतो. ते मोजूनमापूनच द्यावे लागते. आष्टी-कारंजाकडून सेवाग्राम किंवा सावंगीचे रुग्णालय गाठायला वेळ लागतो, हेही धरून चालावे.

तळपाय बोटाने दाबून सोडा. पांढरा ठसा दोन सेकंदांत भरला नाही, हातपाय गार पडले, लंगोट सहा तास कोरडाच राहिला, सारखी उलटी होते आहे, बाळ दूध ओढत नाही किंवा ग्लानीत आहे, यांतले काहीही दिसले तर ताप उतरला म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.