भाजीलाही तहान लागते

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणाऱ्या माणसानं भाजी कशी टिकवावी यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी जन्मानं बागवान. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे माझं गाव. अब्बा बाजारोबाजारी फिरून माळवं विकायचे. आज जिंतूर, परवा बोरी, मग सेलू. दिवेलागणीपर्यंत विकलं गेलं ती कमाई, आणि उरलं ते पुढच्या बाजारापर्यंत जगवायचं. होय, ‘जगवायचं’ हाच शब्द आमच्या घरात होता. अम्मा म्हणायची, “तरकारी जिंदी रहती, बेटा. उसकू भी प्यास लगती.” पुढं मी बी.ए.ला मराठी घेतलं, शास्त्राच्या वाटेला गेलो नाही. पण थोडंफार वाचलं तेव्हा कळलं, की अम्माचं ते बोलणं काव्य नव्हतं. ते अक्षरशः खरं होतं.

तोडलेली भेंडी किंवा उपटलेली मेथी मेलेली नसते. ती श्वास घेत असते. हवेतला प्राणवायू घ्यायचा, स्वतःच्या पोटातली साखर जाळायची आणि ऊब बाहेर टाकायची, हे तिचं काम चालूच असतं. फरक एवढाच, की झाडावर असताना मुळांकडून पाणी यायचं, ते आता बंद झालेलं असतं. प्रवासाला निघालेल्या माणसासारखं तिला सोबतच्या शिदोरीवर दिवस काढायचे असतात. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा श्वास दुपटी-तिपटीनं वाढतो, म्हणजे शिदोरीही तेवढ्याच घाईनं संपते. पालेभाजीत शंभरातले जवळपास नव्वद भाग पाणीच असतं. त्यातले पाच-सात भाग उडून गेले तरी पानं मान टाकतात. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा तर अशी कोरडी, की दोरीवरचं लुगडं बघता बघता वाळतं. तीच हवा टोपलीतल्या कोथिंबिरीवरूनही जात असते.

मग लोक काय करतात? भाजीवर सपासप पाणी मारतात. बाजारात तुम्ही पाहिलंच असेल. जुडी तेवढ्यापुरती टवटवीत दिसते, वजनही भरतं, पण घरी नेऊन ठेवली की दुसऱ्या दिवशी आतली पानं काळी आणि चिकट. अब्बा असं कधी करत नसत. ते गोणपाट भिजवून घट्ट पिळायचे आणि टोपलीवरून अंतर राखून पांघरायचे. पानाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: भाजी ओली नको, भाजीभोवतीची हवा ओली हवी. हवा ओलसर असली की भाजीतलं पाणी उडत नाही. भाजीच ओली असली की बुरशीचं आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं फावतं. म्हणून आणल्या आणल्या धुऊ नये. सडकी पानं, दोरे, माती काढून टाकावी आणि चिरायच्या वेळी धुवावी. चिखलामुळं धुणं भागच असेल, तर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करून मगच ठेवावी.

हवा गार आणि ओली करायची कशी? त्याला वीज लागतेच असं नाही. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. खेड्यांमध्ये दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं. ज्यांच्याकडं फ्रिज होता त्यांचा फ्रिज म्हणजे भांडी ठेवायचं कपाट झालं होतं. तेव्हाही रांजणातलं पाणी गारच होतं. मातीच्या अंगातून पाणी पाझरतं, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आमच्या गावातल्या जुन्या दगडी बारवेच्या पायऱ्या भर दुपारी उतरून पाहा. खाली लागणारा गारवा काही प्रमाणात याच जातीचा आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याच युक्तीवर विटांचं शीतगृह तयार केलं. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंचांची फट, फटीत नदीची वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, वरून गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी गार राहते आणि ओलावा टिकतो. विजेचं बिल शून्य.

घरापुरतं याहून सोपं आहे. आफ्रिकेतल्या नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा नावाचे एक शिक्षक होते, कुंभारकाम करणाऱ्या घरातले. त्यांनी मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं, मध्ये ओली वाळू भरली आणि वर ओलं फडकं झाकलं. तीन दिवसांत सुकणारी वांगी त्यात सत्तावीस दिवस राहिली. या कामासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच. भाजी रोजच्या रोज विकायची घाई संपली, तशा डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या तिथल्या मुली शाळेत जाऊ लागल्या. टोपली उचलणाऱ्या बागवानाच्या मुलाला हे वाचून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

तुम्हीही करून पाहा. बाहेरचं मडकं पाझरणारं हवं, रंग किंवा चकाकी दिलेलं नको. ते सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर आणि दोन विटांवर उचलून ठेवा. वाळू दिवसातून दोनदा ओली करा. भाज्या धुतलेलं पाणी त्यासाठी चालतं. आणखी एक, ही युक्ती कोरड्या हवेचीच आहे. पावसाळ्यात किंवा कोकणात, मुंबईत ती फारशी चालत नाही, कारण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. आणि ज्या वर्षी गावात टँकर येतो, त्या वर्षी वाळूला पाणी घाला असं मी कुणाला सांगणार नाही. तेव्हा आपल्या आया-आज्यांचा मार्ग बरा. माळवदावर गवारीच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, वांग्याच्या फोडी वाळवून डब्यात भरायच्या. तहानलेल्या वर्षात उन्हाकडूनच काम करून घ्यायचं.

आता फ्रिजबद्दल. फ्रिज म्हणजे सगळ्यांचं माहेर नव्हे. केळी, कच्चे आंबे, टमाटे, काकडी, भेंडी, वांगी ही उष्ण मुलखातली लेकरं. केळ्याला तेरा अंशांच्या खाली थंडी बाधते, साल काळी पडते. टमाट्याची चव जाते. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवलं तर वरून काळं पडतं आणि धड पिकत नाही. बटाट्यातल्या पिठाची साखर होते. तो अंधाऱ्या, हवेशीर जागी बरा. उजेडात हिरवा पडलेला भाग मात्र खाऊ नये. कांदा बटाट्याच्या शेजारी नको आणि बंद पिशवीत तर मुळीच नको. कांद्याला मोकळी हवा लागते, म्हणून तर कांदाचाळ जाळीची असते. फ्रिज खरा कामाचा आहे तो पालेभाजी, गाजर, फुलकोबी, मटार यांना. मुळा-गाजराचा पाला आधी कापावा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो. कोथिंबीर जुन्या सुती फडक्यात सैल गुंडाळावी. मिरचीचे देठ काढून ती कोरड्या डब्यात ठेवावी. आणि हो, भाजी छापील वर्तमानपत्रात गुंडाळू नये. शाईतले पदार्थ खाण्यात उतरतात, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच दिला आहे. हे भाषण छापणाऱ्या संपादकांनी राग मानू नये. वर्तमानपत्र वाचण्यासाठीच असतं.

फळांची तऱ्हा थोडी निराळी. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि त्या वायूनं शेजारचं फळही पिकायला लागतं. आंब्याची आढी घालतात ती याच बळावर. भाताच्या पेंढ्यात तो वायू आणि ऊब दोन्ही कोंडली जातात. कार्बाइडची पूड वापरून आंबे पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी ती बाजारात दिसते. घरच्या आढीला सात-आठ दिवस लागतात, तेवढे थांबावे. मात्र हाच वायू पालेभाजीला आणि काकडीला पिवळं पाडतो. म्हणून पिकलेली केळी, सफरचंद, पपई, चिकू यांची टोपली मेथीपासून दूर असावी. रमजानमध्ये आमच्या घरी इफ्तारसाठी फळांचा ढीग येतो, तेव्हा आमच्या घरची मंडळी केळी खुंटीला टांगतात आणि बाकी फळं दुसऱ्या खोलीत ठेवतात. मोसंबी, द्राक्षं, डाळिंब यांना मात्र आढी नाही. तोडल्यावर ती गोड होत नाहीत, घेतानाच पाहून घ्यावीत. कापलेलं टरबूज उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त बाहेर राहिलं असेल, तर मुलांच्या हाती देऊ नये.

आमच्या भागात पुष्कळ घरांत भाजी येते ती आठवडी बाजारातून. मजुरीला जाणाऱ्या बाईला मधल्या दिवशी बाजार करायला ना वेळ असतो, ना पैसा. चौथ्या दिवसापासून ताटात पिठलं नाहीतर ठेचा. लेकुरवाळ्या बाईच्या आणि वाढत्या पोरांच्या ताटातून आठवड्याचे तीन-चार दिवस हिरवं नाहीसं व्हावं, ही काही छोटी गोष्ट नाही. म्हणून अम्मा भाजी लावायची ती तिच्या आयुष्याप्रमाणं. बाजारच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भेंडी, वांगी, गवार. पाचव्या दिवशी दुधी किंवा दोडका. मग पत्ताकोबी, आणि सगळ्यांत शेवटी लाल भोपळा. अख्खा भोपळा, देठ शाबूत असला तर, कोरड्या जागी दोन-तीन महिने निवांत बसून राहतो. कापला की मात्र त्याचं आयुष्य चार दिवसांवर येतं. तेव्हा तो घरात पाहुणे असतील त्या दिवशी कापावा, नाहीतर निम्मा शेजारी पाठवून द्यावा.