गाडी परत कधी मागवायची?



आजचा विषय दुचाकीचा आहे. गाडीत कारखान्यातूनच दोष आला असेल तर तो कुणाला आणि कसा कळवायचा? दोष किती गंभीर असला म्हणजे कंपनीने तशा सगळ्या गाड्या परत मागवायच्या, म्हणजे आपण ज्याला रिकॉल म्हणतो ते करायचं?

मी सैन्यातून निवृत्त झालो आणि आता बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. इथून सिल्क बोर्डपर्यंत जवळजवळ १० किलोमीटरचा उड्डाणपूल आहे आणि त्याच्या खाली होसूर रोड. सकाळी-संध्याकाळी या रस्त्यावर दुचाक्यांची रांग तुटत नाही. त्यात आपली मराठी मुलंही पुष्कळ. कुणी कोल्हापूरचा, कुणी बेळगावचा, कुणी लातूरचा. त्या पुलावर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं, तर गाडी बाजूला घ्यायला सगळीकडे जागा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या बाबतीत हेच झालं. गाडी आठ महिन्यांची. साठच्या वेगात असताना इंजिन गप्प व्हायचं. तीन वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. तिन्ही वेळा जॉब कार्डवर एकच नोंद : 'जनरल चेकअप, ओके.' कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. पोरगा वैतागला होता. त्याने सोशल मीडियावर कंपनीला चार शब्द सुनावले. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

मी त्याला म्हटलं, "अरे, राग बाजूला ठेव. रिपोर्ट लिही."

सैन्यात प्रत्येक गाडीची कार डायरी असते. गाडी निघण्याआधी फर्स्ट पेरेड, वाटेत थांबलं की हॉल्ट पेरेड, परत आल्यावर लास्ट पेरेड. ड्रायव्हरला जे दिसलं, ऐकू आलं, ते सांगायचं. 'गाडी बेकार आहे' असं सांगून कुणी वर्कशॉपमध्ये सुटत नाही. किती किलोमीटरला झालं? चढावर की सपाटीवर? इंजिन गरम होतं का? पाऊस होता का? ही माहिती मिळाली की मेकॅनिकला दोष कुठे शोधायचा ते कळतं. रागातून त्याला काहीच कळत नाही.

मुलाने तसं लिहिलं. तारीख, किलोमीटर, वेग, हवामान, आणि बंद पडल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू झाली ते. जॉब कार्डवर 'चालताना इंजिन बंद पडते' हे शब्द लिहूनच घेतले. मग एक सुटा भाग बदलून मिळाला आणि गाडी ठीक झाली. पण आमच्याच पार्किंगमध्ये त्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या तशाच बंद पडत होत्या. म्हणजे एक गाडी दुरुस्त झाली, दोष तसाच राहिला. वॉरंटी आणि रिकॉल यांतला फरक हाच आहे. वॉरंटी तक्रार करणाऱ्याची गाडी दुरुस्त करते. रिकॉल जो अजून पडलेला नाही, त्यालाही वाचवतो.

आता कायदा काय सांगतो? आपल्याकडे २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, स्वेच्छेने रिकॉल करण्याची आचारसंहिता आणली. सक्ती नव्हती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११० ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीतला दोष चालकाला, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका ठरत असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. दंड एक कोटी रुपयांपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर तो दंड नाही. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. खरं बोलणाऱ्याला शिक्षा नको.

पण पुढे एक अडचण आहे. मालकांच्या तक्रारींवरून कारवाई व्हायची, तर नियमांनी विक्रीच्या प्रमाणात तक्रारींचा आकडा ठरवला आहे. भरपूर खपणाऱ्या दुचाकीसाठी तो हजारांच्या घरात जातो. आता विचार करा. आरसा थरथरतो, म्हणून पाच हजार लोकांनी तक्रार केली, तर तो वॉरंटीचा विषय आहे, रिकॉलचा नाही. पण पुढच्या चाकाचा भाग तुटून दहा माणसं पडली, तर हजाराची वाट बघायची का? सुदैवाने त्याच कलमात चाचणी संस्थेकडून किंवा 'अन्य कोणत्याही स्रोताकडून' आलेली माहितीही चालते. ते दार उघडं आहे. आपण तिथून जायला शिकलं पाहिजे.

माझ्या मते आकड्याआधी तीन प्रश्न विचारावेत. एक, दोष गाडीच्या रचनेतला किंवा एखाद्या लॉटमधला आहे, की वापरातला? बाहेरून जास्तीचे दिवे बसवले आणि वायरिंग जळलं, तर ते कंपनीच्या माथी मारता येत नाही. दोन, दोष आधी सूचना देतो का? ब्रेक आवाज करू लागला, तर माणूस सावध होतो. फोर्क अचानक तुटला, तर सावध व्हायला वेळच मिळत नाही. तीन, त्या क्षणी गाडी चालवणाऱ्याच्या ताब्यात राहते का? दोष गाडीचाच, सूचना नाही आणि ताबा जातो, अशी तिन्ही उत्तरं आली, तर मोजक्या घटना पुरे आहेत.

इंजिन बंद पडणं यात कुठे बसतं? इथेच मोठमोठ्या कंपन्या चुकल्या आहेत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मोटारींत इग्निशन स्विच सैल होता. किल्ली सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायची. कंपनीत बरीच वर्षं हा प्रश्न 'ग्राहकाची गैरसोय' या रकान्यात पडून राहिला, सुरक्षेच्या रकान्यात गेलाच नाही. मधल्या काळात स्विचची रचना बदलली गेली, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला, त्यामुळे तपास करणारेही चकले. २०१४ मध्ये लाखो गाड्या परत मागवल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू त्या दोषाशी जोडले. तो सुटा भाग स्वस्तातला होता. म्हणून म्हणतो, 'गैरसोय' हा शब्द दिसला की थांबा. गल्लीत इंजिन बंद पडणं ही गैरसोय. दहा किलोमीटरच्या पुलावर, मागे बस असताना बंद पडणं हा जिवाचा प्रश्न.

आपल्याकडे चांगली उदाहरणंही आहेत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी बोलावल्या. भाग बदलावा लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांहून कमी असतील, असा कंपनीचा अंदाज होता, तरी बोलावलं सगळ्यांना. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागच्या ब्रेकच्या एका ब्रॅकेटसाठी २६,३०० क्लासिक ३५० बोलावल्या. काहींनी तेव्हा हसून पाहिलं, 'बघा, गाड्याच खराब.' माझं मत उलटं आहे. जो कमांडर आपल्या तुकडीतली उणीव स्वतः वर कळवतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

मार्च २०२३ चं उदाहरण वादाचं आहे. ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरचे पुढचे फोर्क तुटल्याचे फोटो फिरत होते. कंपनीने ग्राहकांना नवा फोर्क मोफत देऊ केला, पण हा रिकॉल नाही, रचनेतली सुधारणा आहे, असं सांगितलं. नवा भाग मिळाला ना, मग नावात काय, असं कुणी म्हणेल. नावात बरंच आहे. रिकॉल म्हटलं की सरकारला कळवावं लागतं आणि प्रत्येक मालकाला गाठावं लागतं. 'हवं तर बदलून घ्या' म्हटलं, की ज्याच्या कानावर गेलं तोच येतो.

आणि कानावर कुणाच्या जात नाही? इलेक्ट्रॉनिक सिटीत रात्री अकराला जेवण पोचवणारी मुलं बघा. कुणाची गाडी भाड्याची, कुणाची तिसऱ्या हाताची. रिकॉलचा निरोप जातो पहिल्या मालकाच्या फोनवर. दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याला पत्ताच नसतो. म्हणून वापरलेली गाडी घेताना चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, 'या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे का?'

दुसरी बाजूही सांगतो. ऊठसूट रिकॉल मागितला तर लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतील, आणि खऱ्या धोक्याचा निरोपही कचऱ्यात जाईल. अफवेवरून कारखाना थांबवता येत नाही. म्हणूनच आपली तक्रार पुराव्याची हवी.

तर काम काय करायचं? दोष दिसला की त्याच दिवशी लिहा. जॉब कार्डवर तुमचेच शब्द येऊ द्या आणि त्याची प्रत ठेवा. तुटलेल्या भागाचा फोटो काढा, बदललेला भाग मागून घ्या. त्याच मॉडेलचे इतर मालक शोधा, उत्पादनाचा महिना जुळतो का पाहा. परिवहन संकेतस्थळावर रिकॉलसाठी तक्रार नोंदवण्याची सोय आहे, तिथे नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही धोकादायक वस्तू परत मागवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला आहे.

तुमची गाडी दुरुस्त झाली, तरी तक्रार मागे घेऊ नका. तुमचं काम झालं असेल, पण त्याच लॉटची गाडी आज कुणीतरी हौसेने हार घालून घरी नेत असेल. त्याला तुम्ही ओळखत नाही. तो रिपोर्ट त्याच्यासाठी आहे.

जय हिंद.