तेल आणि कार्बन डायऑक्साइड: ठोकळा केवढा होता?



तुमच्यातले बरेच जण इंजिनिअरिंग करताहेत, म्हणून आज थोडं तांत्रिक बोलतो. मी सॉफ्टवेअरवाला, तेल माझा विषय नाही. पण ‘आम्ही कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरून तेल काढतो, म्हणून आमचं तेल स्वच्छ’ असा दावा ऐकला की त्यामागचं गणित तपासावंसं वाटतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं वेबर्न घ्या. तिथं 1954 मध्ये तेल सापडलं. पुढं खाली पाणी सोडून तेल ढकललं, तरी पुष्कळ तेल खडकातच राहिलं. पाणी तेलात मिसळत नाही, त्यामुळे बारीक छिद्रांत थेंब अडकून बसतात. (तेलकट ताट नुसत्या पाण्यानं धुऊन बघा.) 2000 पासून तिथं कार्बन डायऑक्साइड सोडू लागले. तो अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातून, कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्यातून, सुमारे 320 किलोमीटरच्या पाइपलाइननं आणला.

31 अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या सुमारे 73 पट दाब ओलांडला की हा वायू द्रवासारखा दाट होतो, पण पसरतो वायूसारखा. तरीही तेलाशी तो लगेच एकजीव होत नाही. आधी तो तेलातले हलके घटक ओढून घेतो आणि स्वतः थोडा तेलात विरघळतो. तेल फुगतं, पातळ होतं. हलके घटक घेतलेला वायू पुढच्या तेलाला भिडतो, पुन्हा तीच देवाणघेवाण. असं होत होत दोघांमधली सीमाच पुसली जाते, आणि थेंबाला छिद्रात धरून ठेवणारा ताण उरत नाही. त्यासाठी किमान दाब लागतो. तेल जड असेल किंवा खडक जास्त तापलेला असेल, तर दाबही जास्त लागतो. तो कमी पडला, तर बरंचसं तेल मागे ठेवून वायू पुढं निघून जातो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हे संगणकावर मांडताना खडकाचे ठोकळे पाडतात, एकेक कित्येक मीटरचा. प्रत्येक ठोकळ्यात, प्रत्येक टप्प्याला समीकरण सोडवायचं. 1976 चं पेंग-रॉबिन्सन समीकरण अजून चालतं. पण प्रोग्राम धरून चालतो की ठोकळ्यात शिरलेला वायू क्षणात सगळीकडे सारखा मिसळला. खऱ्या खडकात तो मोकळ्या वाटा शोधत बोटांसारखा पुढं पळतो. ठोकळे लहान केले की उत्तर बदलतं. त्यामुळे कुणी रंगीत नकाशा दाखवला, तर ठोकळा केवढा होता ते विचारा.

वायू कुठून आला, हेही विचारा. वेबर्नचा कारखान्यातला होता. पश्चिम टेक्सासमध्ये वापरलेला बराचसा वायू मात्र कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतल्या नैसर्गिक साठ्यांतून उपसलेला. एका जागी जमिनीतून काढून दुसऱ्या जागी पुरला, तर हवेतलं काय कमी झालं? शिवाय तेलाबरोबर काही वायू वर येतो, तो वेगळा करून पुन्हा खाली सोडतात. तो दर वेळी नव्यानं पुरला असं मोजलं, तर बेरीज फुगते. निघालेलं तेल जळणार, त्याचा धूर या हिशेबात अनेकदा धरतच नाहीत.

मी थांबतो. प्रश्न विचारा, वेळ आहे.