किक वेगळा, हाय-हॅट वेगळा

हां, तर मंडळी, वलवणहून बोलतोय. बाहेर धो धो पाऊस. इथं पावसाळ्यात घरी माईक लावून ड्रम रेकॉर्ड करणं विसराच, पत्राच जास्त वाजतो! म्हणून ठेका मी रीपरमध्ये मिडीवर लिहितो.

यावेळी गाणं म्हणजे आजीची ओवी, तीन वर्षांपूर्वी फोनवर घेतलेली. आजी आता गात नाही, म्हणजे दुसरा टेक नाहीच. हाय-हॅट तिच्या ‘स’वर नि ‘च’वर चढत होता. फेडर खाली घेतला तर किकही गेला, कारण सगळे ड्रम एकाच ट्रॅकवर.

मिडीत आवाज नसतोच. कुठली नोट, कधी, किती जोरात, एवढंच असतं. जनरल मिडीत किक 36, स्नेअर 38, बंद हाय-हॅट 42. रीपरमध्ये नोटनुसार एक्स्प्लोड केलं, प्रत्येक नंबरचा वेगळा ट्रॅक झाला. प्रत्येकावर ड्रमचं प्लगइन लावलं. (मूळ ट्रॅक म्यूट आहे ना बघा, नाहीतर सगळं डबल वाजतं.) मग फक्त हाय-हॅटची व्हेलॉसिटी कमी केली, ईक्यूनं वरची धार कापली.

स्नेअर तर काढूनच टाकला. जात्यावरच्या ओवीला तो कशाला?

काल आजीला हेडफोन लावून दिला. शेवटपर्यंत ऐकलं नि म्हणाली, “यात जातं कुठं हाय रं?”

जातं माळ्यावर आहे. पाऊस थांबला की उतरवतो.